पक्या, स्कायलॅब पडली तिथून पत्र

बॅलाडोनिया, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया
ऑगस्टअखेर

पक्या,

व्हॉट्सअॅपवर लिहायला बसलो की तू मधेच अंगठा टाकून मोकळा होतोस, म्हणून हे सलग पत्र. रात्रीचे साडेआठ झालेत, बाहेर कडक थंडी, आई आणि बायको खालच्या बेडवर झोपल्यात आणि मी वरच्या माळ्यावर पोटावर पडून फोनवर टाइप करतोय, तेव्हा शुद्धलेखन बघू नकोस.

तू विचारलं होतंस की अॅडलेडहून पर्थला विमानाने साडेतीन तासांत जाता येतं तर म्हातारीला व्हॅनमध्ये घालून नलारबोरच्या ओसाड माळावरून पावणेतीन हजार किलोमीटर कशाला हिंडवतोयस. अरे, कल्पना तिचीच! माझ्याकडे येऊन राहिल्यापासून भिंतीवरचा नकाशा बघत बसायची, खाली समुद्र, वर रेल्वेची एक रेघ आणि मधे काहीच लिहिलेलं नाही, तर म्हणाली एवढ्या जागेत काहीच नाही असं कसं असेल, कोणीतरी काहीतरी ठेवलं असेलच की. मग भाड्याची हायएस व्हॅन घेतली, उंच टपाची, आत दोन शेगड्या, एवढासा फ्रिज, पाण्याची टाकी आणि नाव घेऊ नये अशी एक खुर्ची जिच्यावर आईने पहिल्या दिवशी फुली मारली आणि तेव्हापासून प्रत्येक रोडहाऊसला गाडी थांबते. माझं काही जात नाही, तेवढेच पाय मोकळे होतात.

आज सकाळी बॉर्डर व्हिलेजला होतो. तिथे साऊथ ऑस्ट्रेलिया संपतं, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया लागतं, आणि मधे क्वारंटाइनचा नाका, चोवीस तास उघडा. आपल्याकडे पूर्वी जकात नाका असायचा ना तसाच, फक्त इथे पैसे मागत नाहीत, कांदे मागतात. ताजी फळं, भाज्या, मध, काहीही पलीकडे न्यायचं नाही, कारण मधे एवढं ओसाड पसरलेलं असल्यामुळे पूर्वेकडच्या बऱ्याच किडी आणि मधमाश्यांचे रोग तिकडे पोचलेले नाहीत आणि पोचू द्यायचे पण नाहीत. शिजवलेलं चालतं. हे माहीत होतं, त्यामुळे काल रात्री आईने उरलेले सगळे बटाटे उकडून कोरडी भाजी केली, कांदा-टोमॅटो परतून डब्यात भरला, मधाची अर्धी बाटली मी आणि बायकोने चमच्याने संपवली.

राहिला कढीपत्ता. आमच्या परसातल्या झाडाचा, धुऊन, पुसून, फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या तळाशी ठेवलेला. तपासायला आलेली बाई चांगली होती, हातमोजे घालून एकेक ड्रॉवर उघडत होती, बेडखाली टॉर्च मारून बघितलं, आईचा मिसळणाचा डबा उघडून कांदा-लसूण चटणीचा वास घेतला आणि लगेच दोन शिंका. आई मराठीत म्हणाली, हळू गं बाई. मग फडकं सोडलं आणि ती म्हणाली हे नाही जाणार. मी म्हणलं टाका बिनमध्ये. आई मला म्हणते, तिला विचार तळला तर चालेल का. विचारलं. तिने मागे बघितलं, रांगेत दुसरं कुत्रं नव्हतं, म्हणाली शिजवलेलं असेल तर माझी हरकत नाही.

मग काय लेका, गाडी मागे घेतली, बाजूला लावली, शेगडी पेटवली आणि सकाळच्या सातला त्या वाऱ्यात आईने कढीपत्ता तेलात कुरकुरीत होईपर्यंत तळला, त्यात तीळ, सुकं खोबरं, मीठ, तिखट, आणि खलबत्त्यात कुटला. हो, खलबत्ता आणलाय तिने. लोखंडी. सांगलीहून विमानातून. मी मुंबई विमानतळावर तिला काय काय बोललो होतो ते सगळं आज गिळलं, चटणीबरोबर. डबा दाखवला, बाईने झाकण उघडून बघितलं आणि हसून हात केला, जा. आई तिला चमचाभर देत होती पण ती म्हणाली ड्युटीवर आहे.

पुढे बारा किलोमीटरवर युक्ला. वाळूत अर्धी बुडालेली तारऑफिसची इमारत आहे, 1877 ची, दगडी भिंती तेवढ्या वर दिसतात. सशांनी आजूबाजूचं सगळं गवत-झुडूप खाल्लं, वाळू सुटी झाली आणि सगळं गाव तिने गिळलं, लोक वरच्या अंगाला सरकले. मजा म्हणजे तेव्हा दोन्ही राज्यांचे तारेचे कोड वेगळे होते, त्यामुळे एका बाजूचा तारबाबू संदेश लिहून घ्यायचा आणि टेबलापलीकडे दुसऱ्या राज्याच्या तारबाबूला कागद द्यायचा, तो पुढे पाठवायचा. सरकारी कामकाजाची पद्धत जगभर एकच बघ.

आता तुझ्या धंद्याचं. इथले ट्रक बघून तू वेडा होशील. रोड ट्रेन म्हणतात, एका इंजिनामागे दोन ट्रेलर, साडेछत्तीस मीटर लांब, आणि समोरून आला की आधी त्याच्या हवेचा तडाखा बसतो, आमची गाडी उंच असल्याने पार डावीकडे ढकलली जाते, मग तो गेला की परत आत ओढली जाते, त्यामुळे तो दिसला की दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरायचं आणि बोलणं बंद. पण ड्रायव्हर सभ्य, एकदम सभ्य. हॉर्न नाही, दिवे मारणं नाही. गाड्यांतल्या वायरलेसवर चॅनल 40 सगळे लावून ठेवतात, मागून कोणी आला तर सांगतो, मित्रा मी येतोय, तू आहेस तसाच राहा. मी एकदा तुला आठवून म्हणलं, ये बाबा ये, रस्ता तुझाच आहे. तो म्हणाला चीअर्स. आणि समोरून येणारा प्रत्येक जण, ट्रकवाला, कारवाला, कॅरव्हॅन ओढणारे पेन्शनर, स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. फक्त एक बोट. आई पुढे बसली की पूर्ण हात हलवते, नमस्कार करते, एकाने उलट नमस्कार केला तर तासभर त्याचंच कौतुक.

डिझेल मात्र रडवतं. शे-दीडशे किलोमीटरवर एकेक रोडहाऊस, म्हणजे पंप, खाणावळ, चार खोल्या आणि गाड्या लावायची जागा, बास. भाव बघायचाच नाही, अर्धी टाकी झाली की भरायची. आणि पाणी विकत. जमिनीत आहे ते खारट, पिण्याचं फार थोडं, त्यामुळे नळावर बोर्ड असतात की टाक्या भरू नका. आम्ही सेडूनाला भरून घेतलं ते पुरवून पुरवून वापरतोय. यात आई आमची गुरू. 1972 च्या दुष्काळात एका कळशीत काय काय होतं हे तिने बघितलेलं, ताट आधी कागदाने पुसते, मग वाटीभर पाण्यात धुते, तेच पाणी पुन्हा कढईला. बायको म्हणाली हिला या कंपन्यांनी पगारावर ठेवायला पाहिजे.

युक्लानंतर रस्ता घाट उतरून सपाटीवर येतो, उजव्या हाताला दिवसभर त्या पठाराची कड चालत असते. हे सगळं नलारबोर कधीकाळी समुद्राचा तळ होता, सगळा चुनखडीचा दगड, जवळजवळ दोन लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दोन तृतीयांश धर. आणि तू म्हणशील झाडच नाही, तर तसं नाही, हायवेला बऱ्यापैकी झुडपं आहेत, खुरटी, राखाडी-निळी. अगदी बोडकं माळरान परवा लागलं, थोडाच वेळ. मंड्राबिला नावाच्या रोडहाऊसला चहा केला. तिथल्या माळावर 1966 मध्ये उल्केचे दोन भलेमोठे तुकडे सापडले, मोठा दहा टनांच्या वर. फिकट दगडावर काळी उल्का लगेच उठून दिसते आणि हवा कोरडी म्हणून गंजत नाही, त्यामुळे हे उल्का शोधणाऱ्यांचं आवडतं रान. आई म्हणाली इथे वरून पडतं वाटतं सगळं. ते वाक्य लक्षात ठेव.

जेवण मदुराला, घाट चढायच्या आधी, पायथ्याला. दशम्या, बटाट्याची भाजी आणि ती ऐतिहासिक चटणी. इथे 1876 पासून घोडे पैदा करायचे, ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेसाठी, युक्लाच्या किनाऱ्यावरून जहाजाने तिकडे पाठवायचे. म्हणजे या माळावर वाढलेला घोडा वायव्य सरहद्दीवर आपल्या एखाद्या मराठी स्वारालाही मिळाला असेल, काय सांगावं. मी हे आईला सांगितलं तर तिने विचारलं, घोड्यांना पाणी कुठलं देत होते? बरोबर प्रश्न आहे. उत्तर मला आलं नाही.

गरुडांचं सांगायलाच पाहिजे. रात्री ट्रकखाली कांगारू मेलेले असतात, सकाळी त्यांच्यावर गरुड बसतात, वेज-टेल्ड म्हणतात, पंख उघडले तर दोन मीटरच्या वर. जड असतात, पोट भरलेलं असेल तर चटकन उडता येत नाही, आणि घाबरून उडतात ते नेमके काचेवर, म्हणून लांबूनच वेग कमी करायचा. कॉकलबिडीच्या अलीकडे एक होता, आम्ही पार वीसच्या वेगाने आलो तरी हलेना. खिडकीतून दोन-तीन हातांवर. पायांवर पिसं, थेट पंज्यापर्यंत, पायजमा घातल्यासारखी, चोचीला लाल लागलेलं, आणि वाऱ्याने मानेवरची तपकिरी पिसं उलटी होत होती तरी डोळा हलत नव्हता. त्याने आमच्याकडे बघितलं, आम्हाला काही किंमत दिली नाही, परत मान खाली घालून ओढायला लागला. आईने हात जोडले. गरुड म्हणल्यावर जोडणारच.

कायगुनाला पोचलो तर घड्याळ पाऊण तास मागे. या पट्ट्याची स्वतःची वेळ आहे, दोन राज्यांच्या बरोबर मधली, सरकारने मंजूर न केलेली, पण सगळे पाळतात. पूर्वेकडून येताना काल 45 मिनिटं मिळाली, आज कायगुनाच्या जवळ आणखी 45. बायकोचा फोन एक वेळ दाखवतो, माझा दुसरी, आईचं एचएमटी सांगलीच्या वेळेवर, ते तिने आल्यापासून बदललेलंच नाही, म्हणते वजाबाकी येते मला.

तिथून पाचेक किलोमीटरवर जमिनीत एक भोक आहे, माणूस जाईल न जाईल एवढं, खाली गुहा. बाहेरच्या हवेचा दाब बदलला की ते भोक श्वास घेतं, कधी आत ओढतं, कधी बाहेर सोडतं. आज बाहेर सोडत होतं. आईने वाकून हात धरला, गार वारा, शालीचं टोक फडफडायला लागलं. ती किती वेळ तिथून उठेना. मी म्हणलं आई अंधाराच्या आत पोचायचंय, तर म्हणाली थांब रे, नकाशावर लिहिलंय का हे?

याच भागात 1841 मध्ये एडवर्ड एअर नावाच्या गोऱ्या शोधप्रवाशाच्या मोहिमेतला त्याचा जोडीदार बॅक्स्टर मारला गेला. त्याला मारणारे बरोबरचेच दोघे बंदुका आणि शिधा घेऊन पळाले, उरले एअर आणि वायली, ऑल्बनीकडचा आदिवासी पोरगा. दोघं चालत चालत पार ऑल्बनीपर्यंत पोचले. रस्त्याला नाव दिलं एअर हायवे. वायलीचं नाव नाही. माझं स्पष्ट मत आहे की निम्मा रस्ता त्याच्या नावावर करायला पाहिजे होता, तुला माहितेय मला अशा गोष्टींचा उगाच राग येतो.

मग ती प्रसिद्ध सरळ रेघ. 146.6 किलोमीटर, एकही वळण नाही. म्हणजे पुण्यातून निघून साधारण उंब्रजपर्यंत स्टिअरिंग सरळ. लोक म्हणतात कंटाळा येतो. कंटाळा नाही रे येत, झोप येते, आणि समोरची गाडी दिसायला लागल्यापासून जवळ येईपर्यंत इतका वेळ जातो की ती उभी आहे की येतेय तेच कळत नाही. निम्मं मी चालवलं, निम्मं बायकोने. मधे रस्त्यावरच मोठे पांढरे पट्टे आखलेले दिसले, हायवेचाच तुकडा धावपट्टी म्हणून ठेवलाय, फ्लाइंग डॉक्टरचं विमान उतरायला. आईने विचारलं आपण असताना उतरलं तर? मी म्हणलं बाजूला घ्यायची गाडी, रुग्णवाहिका आहे ती. तेवढं तिला पटलं. नंतर ती विष्णुसहस्रनाम म्हणायला लागली, पाठ आहे तिला सगळं, आणि एकदा संपून परत सुरू केलं तरी वळण आलं नव्हतं.

सूर्य साडेपाचच्या आत बुडतो आणि त्याच्या आधीच कांगारू रस्त्यावर यायला लागतात, त्यामुळे पाचच्या आत बॅलाडोनियाला पोचायचंच असं ठरवलं होतं, आणि पोचलो. इथे परत खरी उंच झाडं लागली, निलगिरीची, तांबूस खोडांची.

आता मुख्य गोष्ट. या रोडहाऊसच्या आतच एक छोटं म्युझियम आहे. मला माहीत होतं आत काय आहे ते, पण आईला मुद्दाम सांगितलं नव्हतं. अफगाण उंटवाल्यांचे फोटो बिटो बघत ती पुढे सरकली, मी मागे. वाकड्यातिकड्या, जळक्या धातूच्या तुकड्यांसमोर थांबली, चष्मा वर केला, इंग्रजी अक्षरं एकेक जुळवली, स्काय, लॅब. आणि माझ्याकडे वळून, अरे, ही ती? ती आपल्यावर पडणार होती ती?

हो म्हणलं, तीच. 1979 जुलै. अमेरिकेची अंतराळातली प्रयोगशाळा, 77 टनांची, नेमकी कुठे कोसळेल ते नासालाही सांगता येत नव्हतं, आणि शेवटी पडली ती या भागात, एस्परन्सपासून इकडे वरपर्यंत तुकडे विखुरले.

आणि मग पक्या, ती जी सुटली! तिथेच उभी राहून, काउंटरवरचा पोरगा पण ऐकत होता, कळत काही नव्हतं त्याला. आपण दोघं तेव्हा जन्माला यायचे होतो. गावभागातल्या वाड्यात म्हणे आठवडाभर दुसरा विषय नव्हता. रेडिओला कान लावून सगळे. मागच्या खोलीतल्या भाडेकऱ्याने एलआयसीचा हप्ता भरला नाही, म्हणाला राहतंय कोण. एकीने लेकीला सासरहून बोलावून घेतलं, मरायचं तर सगळी एकत्र. आणि आईने आणि तुझ्या आईने मिळून पुरण घातलं, बाहेर धो धो पाऊस, चूल ओली, पण मरायचंच तर गोड खाऊन मरू. पोळ्या खाऊन सगळे झोपले, सकाळी उठले तर जिवंत, आणि उरलेल्या पोळ्या दुधाबरोबर. बाबा पुढे कित्येक वर्षं सांगायचे की स्कायलॅब ऑस्ट्रेलियात पडली आणि चार दिवसांत दिल्लीत मोरारजींचं सरकार पडलं, म्हणजे भविष्य सांगणाऱ्याचं फक्त ठिकाण चुकलं. हे सांगताना हसली आणि मग म्हणाली, ह्यांना दाखवायला पाहिजे होतं रे. मी काही बोललो नाही.

मी पुढचं सांगितलं, की एस्परन्सच्या नगरपालिकेने नासाला उघड्यावर कचरा टाकल्याबद्दल 400 डॉलर दंड ठोकला होता, तो नासाने भरलाच नाही, 2009 मध्ये अमेरिकेतल्या एका रेडिओवाल्याने गोळा करून भरला. आणि सतरा वर्षांचा एक पोरगा आपल्या घरावर पडलेला तुकडा घेऊन पासपोर्ट नसताना सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि पेपरवाल्यांचं दहा हजार डॉलरचं बक्षीस घेऊन आला. आई सगळं ऐकून घेत होती, दंडाचं ऐकून म्हणाली बरं केलं. मग एकदम तिच्या डोक्यात काहीतरी आलं आणि कमरेवर हात ठेवून मला विचारते, सकाळी माझा मूठभर कढीपत्ता अडवला, आणि हे सत्तर-पंचाहत्तर टन आभाळातून आलं ते कुठल्या नाक्यावर तपासलं?

बायको हसून खाली बसली. मी ते काउंटरवरच्या पोराला इंग्रजीत सांगितलं तर त्याने आईला चहा फुकट दिला. काळा, साखर न घातलेला. तिने पूर्ण प्यायला, पाहुणचार म्हणून.

रात्री खिचडी केली, बरोबर चटणी. थोडी उरलीये, पर्थपर्यंत पुरेलसं वाटत नाही. उद्या नॉर्समन, 190 किलोमीटर, तिथे हा हायवे संपतो. मग एस्परन्सला खाली जायचं की थेट कालगुर्लीला हे ठरलेलं नाही, आईचं मत एस्परन्स, कारण दंड लावणारी नगरपालिका तिला बघायचीये.

तुकड्यांसमोरचा तिचा फोटो वेगळा पाठवतोय, काकूंना दाखव, मोठा करून दाखव. आणि त्यांना एवढं विचार की त्या दिवशी पुरणपोळीच होती ना, कारण बायकोला आईने मागे एकदा हीच गोष्ट श्रीखंड म्हणून सांगितली होती आणि आता त्यावरून आमच्याकडे दोन पक्ष पडलेत. तू स्वतः उत्तर बनवून पाठवू नकोस, काकूंचा आवाज रेकॉर्ड करून पाठव.

जो दुसरा टेम्पो घ्यायचा म्हणत होतास त्याचं काय झालं? बेदाण्याच्या सीझनआधी घेणार असशील तर पैशाचं मोकळेपणाने बोल. आणि जाता-येता आईच्या घराच्या गच्चीवर एक नजर टाक, पन्हाळीत पाला अडकला असेल तर पाणी तुंबतं, किल्ली काकूंकडेच आहे.

तुझा,
बाळ्या